मुसळाचा आवाज

या गावात कुणालाही विचारा, ऑस्तोर कोण, तर पहिला माणूस सांगेल, "तो होय? किल्ला घालवणारा!" लगेच दुसरा कुणीतरी मध्ये तोंड घालेल, "घालवला कसला? माणसं वाचवली त्यानं." मग दोघांची जुंपते, आणि विचारणारा बिचारा आपला रस्ता धरतो. मी ऑस्तोरची मेहुणी, ब्रुना. माझ्या थोरल्या बहिणीचा, फिनाआक्काचा, तो नवरा. उभा जन्म या माणसाला बघितलं, तरी खरं काय ते मलाही धड सांगता येत नाही. पण या भांडणाऱ्या दोघांपैकी त्या दिवशी तिथं कुणीच नव्हतं, आणि मी होते.

आधी माणूस कसा ते ऐका. तो बघायला आला होता मला! मी दारात नटून उभी, आक्का चुलीशी राखेनं माखलेली. जाताना बापानं विचारलं, "मग? काय ठरलं?" हा एकदा माझ्याकडं बघतो, एकदा आक्काकडं बघतो, टोपी हातात फिरवतो आणि म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." बाप कसला सोडतोय? थोरली आधी उजवली. तेव्हा मी चार दिवस जेवले नव्हते. पुढं आक्काचा संसार बघितला आणि म्हटलं, सुटले बाई.

संसार वाईट नव्हता हो, पण काही ठरवायचं म्हटलं की याच्या पोटात गोळा. "आज काय शिजवू?" तर "तूच बघ." रात्री झोपला की पुन्हा उठायचा, "अडसर लावला का गं?" लावलेला असायचाच. तरी जाऊन हात लावून यायचा, आणि परत येता येता वाटेत विसरायचा.

अशा माणसाला देवानं काम मात्र नेमकं दिलं होतं. आमच्या किल्ल्याच्या दरवाजावर एक खोली होती, त्यात रहाट. रहाटाला दोन जाळ्या, जाड लाकडाच्या, खाली लोखंडी टोकांच्या. एक बाहेरच्या तोंडाला, एक आतल्या. पाहुणा आला की बाहेरची वर घ्यायची, तो आत बोळात आला की मागं सोडायची, मग तो कोण, कशाला आला, हे कळेपर्यंत आतली उघडायची नाही. बोळाच्या छताला भोकं होती. पाहुणा पाहुणा नसला तर त्या भोकांतून तापलेली वाळू. दोन्ही जाळ्या एकदम कधीच वर नाहीत, हा नियम. ऑस्तोर "वर" म्हटलं की वर घ्यायचा, "खाली" म्हटलं की खाली सोडायचा. त्याला काही ठरवावं लागायचं नाही, आणि तिथं तो खरंच सुखी होता.

त्या काळी दोन राजे भांडत होते. त्यांतला आमचा कोणता हे अधूनमधून बदलायचं. पाद्रीबाबा प्रार्थनेत ज्याचं नाव घ्यायचे तो आमचा, एवढंच आम्हाला कळायचं. त्या साली चेस्टनट वेचून झाले आणि दुसऱ्या राजाची माणसं येऊन खाली मळ्यात उतरली. आम्ही गावातली माणसं, गाई, डुकरं, पोरं, सगळी वर किल्ल्यात कोंबलो गेलो. पडला वेढा.

त्यांनी एक मोठं गोफणयंत्र उभं केलं. त्याला आम्ही 'शेजारीण' म्हणायचो, कारण सकाळी उठल्या उठल्या तिचं तोंड सुरू. दगड आले की अंगणातली छपरं बसायची. माझ्या बहिणीची लेक लोंबार्दा तेव्हा दिवसांत होती. नवरा वेढ्याआधीच तापानं गेलेला. तिला कुठं ठेवायचं? शेजारणीचे दगड पोचत नव्हते ते एकाच जागी, कोपऱ्यातल्या जुन्या चौकोनी बुरुजात. त्याला सगळे 'म्हातारा' म्हणत. तिथंच ती बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण म्हणाली, अंगावरून फार गेलंय, हिला जागची हलवू नका.

आता म्हाताऱ्याचं दुखणं सांगते. किल्ल्याच्या तीन बाजूंना कडा, चौथ्या बाजूला माती. त्या बाजूलाच म्हातारा. गोल बुरुजाला कोपरा नसतो, पोखरणाऱ्याला धरायला काही सापडत नाही. चौकोनी बुरुजाचा एक कोपरा खालून काढला की दोन भिंती बसल्याच म्हणून समजा. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की म्हाताऱ्याच्या खाली खडक आहे की भर घातलेली माती. कुणी म्हणायचं, आमचा खापरपणजा त्या कामावर होता, खडक आहे. दुसऱ्याचाही खापरपणजा त्याच कामावर होता, आणि त्यानं म्हणे माती बघितली होती.

म्हणून तळघरात पराती ठेवल्या होत्या, पाण्यानं काठोकाठ भरून. खाली कुणी खणत असलं की पाणी थरथरतं. पण पाणी काय, कशानंही थरथरतं! एकदा पाणी हललं, ओरडा झाला, सगळे तलवारी घेऊन धावले, तर वरच्या मजल्यावर पाद्रीबाबा थंडीनं पाय आपटत होते. मग पाणी हललं की कुणी म्हणायचं, "आले!" आणि दुसरा म्हणायचा, "गप रे, बाबा आहेत."

असं चाललेलं असताना एक दिवस त्यांचा माणूस बोलणी करायला हिरवी डहाळी घेऊन दरवाजाशी आला. म्हणाला, "तुमचा चौकोनी बुरूज आता आमच्या लाकडांवर उभा आहे. पटत नसेल तर उद्या सकाळी माणूस पाठवा, डोळ्यांनी बघून जाऊ दे. त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. सांजेच्या घंटेपर्यंत किल्ला दिलात, तर पोराबाळांसकट, डोक्यावर मावेल तेवढं घेऊन जा. नाही दिलात तर लाकडं पेटवू, ती जळली की बुरूज खाली. मग पडक्या भिंतीतून जे आत येतील, त्यांच्याकडं दया मागू नका."

यात त्यानं काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. रीतच आहे तशी. त्यांनाही फुकट मरायचं नसतं. पण पलीकडच्या खोऱ्यात अशाच बोलावण्यावर एका किल्लेदारानं किल्ला सोडला, आणि मागून कळलं की भुयार भिंतीपर्यंत पोचलंच नव्हतं. नुसतं मळ्यात खणून, लाकडं लावून दाखवलं होतं. त्याच्या धन्यानं त्याला फासावर दिला. आमचे किल्लेदार अमालरिक हे विसरले नव्हते.

मग जायचं कुणी? ज्याच्या शब्दावर किल्ला जाईल त्याचं नाव सात पिढ्या खराब. एरवी मिशीला पीळ देणारे सगळे शूर वीर आपल्या जोड्यांकडं बघायला लागले. अमालरिक म्हणाले, "ऑस्तोर जाईल."

"मी?" ऑस्तोर म्हणाला. "मालक, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायची गरज नाही. तुला खोटं बोलता येत नाही, तेवढं पुरे. आणि मी एक सोय केली आहे. म्हाताऱ्याच्या तळघरात, अगदी कोपऱ्यात, मोठं उखळ ठेवतो. तू गेल्यापासून परत येईपर्यंत तिथं कुणीतरी मुसळ घालत राहील. तुला डोक्यावर मुसळ ऐकू आलं, तर भुयार बुरुजाखाली आहे. नाही आलं, तर ते आपल्याला बनवतायत. झालं!"

मुसळ घालायला कोण? आक्का म्हणाली, "माझा नवरा खाली जाणार, तर मीच घालीन." बोलायला गेलं की ती नवऱ्यासारखी नव्हती, फटकळ होती. मला म्हणाली, "ब्रुने, उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?" आणि तशीच पाद्रीबाबांकडं गेली, पाया पडली, म्हणाली, बाबा, उद्या ते खाली असतील तेवढ्यात त्यांच्यासाठी वेदीपाशी एक मिस्साची प्रार्थना म्हणा. बाबा म्हणाले, म्हणतो.

किल्लेदारानं आणखी एक हुकूम सोडला. ऑस्तोर येऊन सांगेपर्यंत म्हाताऱ्यातून कुणी हलायचं नाही. एक गाठोडं जरी बाहेर आलं तरी तटावरची माणसं हाय खातील. लोंबार्दाचा विषय मी काढला, तर म्हणाले, "तिला तर मुळीच नाही. सुईणीनंही तेच सांगितलंय ना?"

सकाळी ऑस्तोर गेला. जाळी दुसऱ्यानं वर घेतली, तर जाता जाता मान वर करून त्याला म्हणतोय, "हळू सोड, डावीकडं अडकते ती." म्हटलं, अहो भाऊजी, तुमच्या जिवाचं बघा आधी!

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी तटावर होते. शेवटी तो आला, चिखलानं भरलेला, दाढीत माती. सगळे भोवती जमले.

"काय बघितलंस?" अमालरिकनी विचारलं.

"भुयार आहे, मालक. वाकून जावं लागतं. वळलो. डावीकडं. नाही, आधी उजवीकडं, मग डावीकडं. एकदा उजवीकडं तर नक्की."

"पुढं?"

"पुढं मोठी खोली. ओकची लाकडं, माझ्या मांडीएवढी, दाटीनं उभी केलेली. मध्ये सरपण, वर डुकराची चरबी थापलेली."

"आणि लाकडांच्या वर?"

"दगड."

"घडीव की खडक?"

"ओला होता."

"अरे देवा! चुना दिसला का सांध्यात?"

"पांढरं काहीतरी होतं. चुना असेल." मग विचार करून, "बुरशीही असेल."

एक शिपाई फिसकन हसला. अमालरिकनी त्याच्याकडं असं बघितलं की हसू घशातच राहिलं. "मुसळ? मुसळ ऐकू आलं का?"

"नाही, मालक. श्वास रोखून उभा राहिलो. काही नाही. त्यांचा मुकादम हसतमुख माणूस होता, मला भाकरी आणि चीज दिलं. तो म्हणाला, ऐक हवं तेवढं, कुणी घाई केली नाही. मी पुन्हा ऐकलं. काही नाही."

केवढा ओरडा झाला! टोप्या उडाल्या. अमालरिकनी ऑस्तोरला मिठी मारली, चिखलासकट. "बनवत होते लेकाचे!" आणि एवढ्यात माझी बहीण तळघराच्या पायऱ्यांवरून वर आली. हातात मुसळ तसंच. चेहरा पांढराफटक.

"अहो," ती ऑस्तोरला म्हणाली, "तुम्ही ऐकत उभे राहिलात तेव्हा मिस्सेची घंटा झाली होती का?"

"कसली घंटा?"

"प्रसाद वर उचलतात त्याची. बाबांची मिस्सा चालू होती ना अंगणात, तुमच्यासाठी. घंटा झाली. मी मुसळ खाली ठेवलं आणि गुडघे टेकले."

तिला बोल तरी कसा लावणार? आमच्यातलं कोण ती घंटा ऐकून मुसळ घालत राहिलं असतं? तटावरचे पहारेकरीसुद्धा गुडघ्यावर होते, मीही होते. त्या प्रसादात देव असतो, तो वर उचलला जात असताना काम चालू ठेवायचं हे कुणाच्या मनातच येत नाही.

"किती वेळ थांबलीस?" अमालरिक.

"मला काय माहीत? डोळे मिटून यांच्यासाठी मागत होते. जरा जास्तच मागितलं असेल."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. एक म्हणाला, बाईचं थांबणं आणि याचं ऐकणं एका वेळी झालंच कशावरून? दुसरा म्हणाला, दोनदा ऐकलं ना त्यानं, दोन्ही वेळा कसं होईल? तिसरा म्हणाला, जमिनीखाली मुसळ ऐकू येतं हे तरी कुणी ठरवलं? मग एक शहाणा म्हणाला, बुरुजाखाली असता तर घंटा ऐकू आली नसती का? त्याला पाचव्यानं सुनावलं, "घंटा केवढी, तळहाताएवढी! तुझ्या मेंदूएवढी म्हण!" पाद्रीबाबा कोपऱ्यात उभे राहून रडायच्या बेतात. सूर्य आपला खाली चाललेला.

अमालरिकनी ऑस्तोरचे दोन्ही खांदे धरले. "एक शब्द सांग. फक्त एक. आहे की नाही?"

ऑस्तोरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर. "माहीत नाही, मालक. देवाशपथ माहीत नाही. मी वळलो ना... एकदा जास्त वळलो की कमी, तेच कळत नाही."

"जा," अमालरिक म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या एका बाजूला आमचे सगळ्यांचे गळे, दुसऱ्या बाजूला त्यांचा स्वतःचा.

ऑस्तोर चालायला लागला. मी मागं गेले, म्हटलं हा कुठं तटावरून उडी बिडी टाकतो की काय. तो म्हाताऱ्यात शिरला. वरच्या खोलीत लोंबार्दा पोरीला पाजत होती. तो तिच्यापाशी उभा राहिला, छताकडं बघितलं, भिंतीला हात लावला, रात्री अडसराला लावायचा तसा. मग खाटेचं एक टोक धरलं.

"ब्रुना, ते टोक धर."

"भाऊजी, किल्लेदारांनी काय सांगितलंय? आणि ती सुईण..."

"धर म्हणतो ना!"

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला काही सांगितलं होतं. मी धरलं. लोंबार्दा घाबरून म्हणाली, "बाबा, बुरूज पडणार आहे का?" तो पाठमोरा पायऱ्या उतरायला लागला. पायऱ्या अरुंद, खाट तिरकी, पोर टाहो फोडतेय, लेक कण्हतेय. दारावरचा पहारेकरी आडवा आला. ऑस्तोर म्हणाला, "बाजूला हो, बाळा." आणि तो खरंच झाला.

अंगणात आम्ही खाट ठेवली ती छप्पर बसलेल्या गोठ्यापाशी, उघड्यावर, जिथं शेजारणीचा दगड कधीही आला असता. अमालरिक समोर आले. मला वाटलं, आता हा तलवार काढतो.

"ऑस्तोर, तू तर म्हणालास माहीत नाही."

"नाहीच माहीत, मालक."

"मग हे काय?"

ऑस्तोरनं खाटेकडं बघितलं, किल्लेदाराकडं बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "माहीत नाही म्हणूनच तर," तो म्हणाला.

अमालरिकनी म्हाताऱ्याकडं बघितलं. तटावरची माणसंही बघत होती, आणि त्यांतल्या दोघांची बायकापोरं त्याच बुरुजात होती. अमालरिकनी तलवारीचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "जाळी वर घे."

ऑस्तोर रहाटापाशी गेला. वरून त्याचा आवाज आला, "दोन्ही?"

"दोन्ही," अमालरिक म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

त्यांनी शब्द पाळला, खोटं कशाला बोलू. आम्ही रांगेनं बाहेर पडलो. लोंबार्दा खाटेवर, पोर माझ्या टोपलीत. भुयाराच्या तोंडाशी तो हसतमुख मुकादम उभा होता, त्यानं ऑस्तोरला ओळखून हात केला. ऑस्तोर दोन पावलं त्याच्याकडं गेला. मी म्हटलं, आता विचारतो. तर हा तिथूनच परत!

"अहो भाऊजी, विचारलं का नाही?"

"आणि त्यानं सांगितलं असतं म्हणजे?"

मला आजही कळत नाही, हा भित्रेपणा की शहाणपण.

लाकडं त्यांनी पेटवली नाहीत. कशाला पेटवतील? किल्ला आता त्यांचाच होता. म्हातारा उभाच राहिला, आणि आम्ही वळणापर्यंत मागं बघत बघत गेलो. मग इथं येऊन वसलो. सुया विकणारा एक फेरीवाला सांगून गेला, त्या बुरुजाखाली दगडी भर घालायचं काम चाललंय, म्हणजे पोकळ होताच. पुढच्या साली एका मेंढपाळानं सांगितलं, भर कसली, तिथं विहीर खणतायत. अमालरिकना त्यांच्या धन्यानं कोठडीत टाकलं. फाशी दिलं नाही, पण ते तिथंच खोकून मेले. ही बातमी आली त्या दिवशी ऑस्तोर जेवला नाही. "एका खाटेपायी," एवढंच म्हणाला. आक्का मरेपर्यंत त्या घंटेचं बोलत राहिली. पाद्रीनं सांगितलं, बाई, ते पाप नाही, तर म्हणायची, पाप नाही ते मला कळतंय हो, मग काय आहे ते सांगा.

टोपलीतली पोर आता लग्नाची झाली. सेबेली तिचं नाव. जिभेवर आजीची धार. परवा ती विहिरीवरून तणतणत आली. कुणीतरी टोमणा मारला होता, तुझ्या आजानं भिऊन किल्ला दिला. अंगणात अक्रोड कुटायचे पडले होते, ते टाकून ती सरळ आत आली. ऑस्तोर अंथरुणाला खिळलेला, आता भाकरीही भिजवून द्यावी लागते.

"आजोबा, आज एकदाचं सांगा. तो बुरूज पडला असता का नसता? मला त्या भवानीला जाऊन सांगायचंय."

ऑस्तोरनं पांघरुणाची कड बोटांत फिरवली, पूर्वी टोपी फिरवायचा तशी. मग म्हणाला, "मला काय ठाऊक, पोरी."

सेबेलीनं हात आपटले.

"पण तू त्यात नव्हतीस," तो म्हणाला.

पोर उभीच राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिनं त्याचं पांघरूण नीट केलं, बाहेर गेली, आणि अंगणात मुसळ सुरू झालं. ऑस्तोरनं डोळे मिटले, मान जराशी वळवली.

"येतंय का ऐकू, भाऊजी?" मी विचारलं.

"येतंय," तो म्हणाला.